जतन

तुर्भ्याच्या फळबाजारात, रात्री दोन चाळीसला,
गाळ्याच्या माळ्यावर बसून
मी नको म्हणाले.

त्यानं रीतसर विचारलं होतं, बदल जतन करायचे?
मुकादमशेठच्या भाच्यानं गमतीनं
कॉम्प्युटरची भाषा मराठी करून ठेवलीय.
जतन. हा शब्द मी आजवर
अंगठीला, लोणच्याला, फार तर बाळंतिणीला लावलेला.
तीनशे त्रेपन्न ओळींना लावायचं सुचलं नाही.
डोळा लागत होता. बोट पुढे गेलं.
खिडकी मिटली, आणि मागून
शेठच्या मुलीच्या साखरपुड्याचा फोटो,
सगळे हसत.

खाली गाड्या लागत होत्या. देवगड, पडेल, आडिवरे.
पेंढ्याचा वास, फळ्यांतून उपसलेले खिळे,
आणि सकाळी नऊला बागायतदारांच्या पट्ट्या जायच्या.
पेट्या किती, डझन किती, भाव काय,
हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता
मोंडकरांच्या हाती काय? घाडीबाईंच्या हाती काय?
ते आता कुठंच नव्हतं.

भाच्याला फोन लावला. झोपेतच म्हणाला,
"ताई, काही नवीन लिहू नका त्यावर.
पुसलेल्या जागी दुसरं बसलं की संपलं."
मग त्यानं सांगितलं तिथं तिथं टिचक्या.
जतन न केलेली पुस्तके परत मिळवा,
एवढं लांब नाव असलेलं बटण.
माझ्यासारख्या आधी बऱ्याच झाल्या असणार.

आत एकच. नाव नाही, नुसती आकड्यांची शेपटी.
वेळ, दोन दहा.
उघडली. तीनशे बारा ओळी, जशाच्या तशा,
मोंडकरांचा अनुस्वार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर, तोही.

एक्केचाळीस गेल्या.

सर्जेरावांना वर बोलावलं. माथाडी, सत्तावीस वर्षं याच गाळ्यावर.
जिन्यातच थांबले, पायांना चिखल म्हणून.
"घाडीबाईंच्या किती उतरवल्या, आठवतं?"
डोळे मिटले नाहीत, बोटं मोजली नाहीत,
डावा खांदा जरा उचलून बघितला.
"अठ्ठावीस. त्यातली एक खालनं ओली."
ड्रायव्हरांच्या पावत्यांशी ताडत
चारपर्यंत एकेक ओळ त्या खांद्यावरून उतरवून घेतली.
एकोणचाळीस जमल्या. दोन देवगडला विचारायच्या,
उजाडल्यावर, आवाज खाली ठेवून.

मग तपासताना उजवीकडे सरकत गेले,
भावाच्या, शेऱ्याच्या पलीकडे,
रिकाम्या चौकोनांतून लांब, जिथं कुणी जात नाही,
तिथं:

खोली, घणसोली गाव, साडेसहा हजार
डिपॉझिट तीस, दहा हप्त्यांत
शेगडी एक
मुलगी माझ्याकडे

खाली बेरीज. तिच्याखाली माझा पगार.
त्याच्याखाली तांबडा आकडा, चौदाशे.

हे मी दोनला लिहिलं होतं.
सव्वादोनला पुसलं होतं, नीट, एकेक चौकोन.
मधेच कधीतरी यंत्रानं न विचारता
उचलून ठेवलेलं,
हमालीच्या आणि तोलाईच्याच इमानानं.

"बाई, झालं का?" जिन्यातून.
"थांबा, एक ओळ बघतेय."

दुसऱ्या कुणाचा हिशेब म्हणून बघितला.
चूक सापडली. हंगामाच्या रात्रपाळीचे सोळाशे
धरलेच नव्हते.
मधे एक ओळ घातली.
आकडा काळा झाला. दोनशे.
हंगाम काय, जूनपर्यंत. तरी काळा.

पट्ट्यांची फाइल तारीख घालून ठेवली,
पेनड्राइव्हवर, शेठच्या मेलवर, वर कागदावरही काढली.
तो कोपरा उचलून वेगळ्या पुस्तकात नेला.
नाव विचारलं त्यानं.
खाली सर्जेराव कुणाला तरी ओरडत होते,
ओली पेटी वेगळी काढ म्हणून.

पुस्तक१.
तसंच राहू दिलं, आणि
हो म्हणाले.